हसून हसून दमायला होतं

प्रश्न : सोलापुरात नवी पेठेत चादरींच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक वीस चादरी उलगडायला लावून रिकाम्या हाताने जातं, तरी हसायचं. घरी बोलावंसंही वाटत नाही. आळस का हा?

उत्तर : आळस कसला! राग गिळून चेहरा हसरा ठेवण्याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्येच 'भावनिक श्रम' म्हटलं. चादरींच्या घड्या मालकाला दिसतात, हे दिसत नाही. तिरसट गिऱ्हाईक गेलं की लगेच पुढच्याकडे वळू नका. घडी घालायच्या निमित्ताने पाठ फिरवा, चार-पाच श्वास सावकाश सोडा. घासाघीस लांबली तर 'भाव मालक ठरवतात, विचारून सांगते' एवढंच. कारणं देत बसलं की वाद वाढतो. शिवीगाळ झाल्यास पुढे कोणी यायचं, हे मालकांशी दिवाळीच्या गर्दीआधीच ठरवा. घरी पहिली १५ मिनिटं गप्प बसणार, हेही सांगून टाका.