'अलक', इलाखा आणि गर्भ राहणं

दुहेरी प्रश्न आलाय. कुराणात गर्भाच्या एका सुरुवातीच्या अवस्थेला 'अलक' म्हटलंय, त्याला मराठीत 'रक्ताची गुठळी' म्हणावं का? आणि कॅथलिक शिकवणीबद्दल लिहिताना 'गर्भधारणेपासून माणूस' हे चालेल का?

आधी एक वैताग. 'इस्लाममध्ये १२० दिवस गर्भात जीव नसतो' हे वाक्य ऐकून कान किटले. जीव नसता तर वाढला असता का? हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये, चाळीस-चाळीस दिवसांच्या तीन टप्प्यांनंतर फुंकली जाते ती रूह, म्हणजे आत्मा. रूह म्हणजे जीव नव्हे. मध्ययुगीन इस्लामी धर्मपंडित गझाली तर गर्भ पाडणं त्याआधीही गुन्हाच मानतो, टप्प्यागणिक गंभीर होत जाणारा.

आता 'अलक'. तेविसाव्या सूरेत क्रम आहे नुत्फा, अलका, मुदगा. म्हणजे थेंब, मग आपला शब्द ('अलका' हे 'अलक'चंच रूप), मग चावलेल्या घासासारखा गोळा. धातू ऐन-लाम-काफ: चिकटणं, लोंबकळणं. याच धातूचा 'इलाका', आपला 'मुंबई इलाखा'. याच धातूचा 'तअल्लुक', म्हणजे संबंध, आणि त्यातून 'तालुका'. ज्या तालुका कचेरीत आपण खेटे घालतो ती आणि गर्भाची ही अवस्था एकाच घरातली! जळूलाही अरबीत अलक म्हणतात. जुने कोशकार 'गोठलेलं रक्त' देतात, ठाऊक आहे. माझ्या मते तो मागून आलेला अर्थ: गोठलेलं रक्त चिकटतं म्हणून. आणि गर्भाचा आकार जळूशी जुळवून कुराणात आधुनिक विज्ञान सिद्ध करणाऱ्यांनाही माझा नमस्कार. शब्दाचा जोर आकारावर नाहीच, चिकटण्यावर आहे. गुठळी कशाला? आपल्याकडे गर्भ 'राहतो' म्हणतातच की. चिकटला, म्हणून राहिला. 'चिकटलेला गोळा' लिहा.

हां, दुसरा प्रश्न. 'गर्भधारणा' नको. धारण करायला गर्भाशय लागतं, आणि १९८७ च्या 'दोनुम विते' या व्हॅटिकनच्या पत्रकात काचेच्या बशीतल्या भ्रूणालाही माणसाचाच मान आहे. आत्मा नेमका कधी येतो, यावर मात्र गर्भपाताविषयीच्या १९७४ च्या घोषणेत चर्चने मुद्दाम निकाल दिलेला नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या काळी तिथेही मुलग्याच्या गर्भात आत्मा चाळीस दिवसांनी येतो असा हिशेब होताच. तेव्हा 'आत्मा येतो' असंही परस्पर ठोकून देऊ नका. 'फलनापासून व्यक्ती म्हणून वागवावं' एवढं लिहा.