वाचक विचारतात : खान्देशच्या खेळाडूंचं मानाचं दालन

आमच्या मंडळाला तालुक्यातल्या जुन्या मल्लांचं, खेळाडूंचं ‘हॉल ऑफ फेम’ करायचं आहे. आधी हॉल बांधावा की नावं ठरवावीत? (एक वाचक, अमळनेर)

आधी नावं. अमेरिकेत कूपर्सटाउनच्या बेसबॉल दालनासाठी पहिलं मतदान १९३६ साली झालं, पाच जण निवडले गेले; इमारत उघडली १९३९ मध्ये. टेक्सासच्या क्रीडा दालनाने १९५१पासून खेळाडूंना मान द्यायला सुरुवात केली. स्वतःची जागा मिळाली १९८१ मध्ये, ती १९८६ साली बंद पडली, आणि १९९३ मध्ये वेको शहरात दालन पुन्हा उघडलं. मधल्या काळात इमारत नव्हती, पण यादी होती म्हणून संस्था राहिली.

कूपर्सटाउनचे दोन नियम जरूर उचला. निवृत्तीनंतर पाच वर्षं नाव विचारात घ्यायचं नाही, आणि निवडीला ७५ टक्के मतं हवीत. सात जणांच्या समितीत म्हणजे सहा मतं. ज्याचा नातलग यादीत असेल त्याने त्या नावापुरतं बैठकीबाहेर बसावं. ‘आपला खेळाडू’ कोण, इथे जन्मलेला, शिकलेला की जिल्ह्याकडून खेळलेला, हे पहिलं नाव येण्याआधीच लिहून काढा. नंतर लिहिलेला नियम कुणासाठी तरी वाकवलेला वाटतो.

जुन्या कुस्त्यांचा पुरावा कुठे शोधायचा? (एक वाचक, शहादा)

खरी मेहनत इथेच आहे. चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. तो पुरावा चटकन हाती येतो. आखाजीच्या किंवा यात्रेच्या आम दंगलीत पन्नास वर्षांपूर्वी नाव काढलेल्या मल्लाचं तसं नाही. घरात बहुतेक वेळा दंगलीचं हस्तपत्रक तेवढं सापडतं. त्यात जोडी कुणाशी लागणार ते असतं, कुस्ती कुणी मारली ते नसतं. पत्रक हा निकालाचा पुरावा मानू नका. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण, इनामाची नोंद किंवा दोन वेगळ्या गावांतल्या माणसांच्या सह्यांचं निवेदन हवं. पत्रकावर साल नसेल, नुसती तिथी आणि वार असेल, तर जुन्या पंचांगांशी ताडून पाहा. साल नेमकं ठरलं नाही तरी बरीच सालं गळतात.

जिल्ह्यांच्या नावांनीही फसगत होते. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८चा. त्यामुळे तुमच्या शहाद्याचा १९८५चा खेळाडू नंदुरबारच्या नावाने शोधलात तर सापडणार नाही, तो धुळ्याच्या संघात असेल. नोंदवहीत गाव, तेव्हाचा जिल्हा आणि आताचा जिल्हा असे तीन वेगळे रकाने ठेवा. एकाच नावाचे दोन मल्ल असतातच. वडिलांचं नाव आणि तालीम लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरू नका.

जुने फोटो लॅमिनेट करून लावले तर चालेल? (एक वाचक, पारोळा)

नको. लॅमिनेशनच्या उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, फोटो कायमचा जातो. मूळ फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, भिंतीवर प्रत लावा. मूळ फोटो आम्लरहित कागदात, पत्र्याच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी जमिनीलगतच्या लाकडातून आणि भिंतीतून चढते. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढे उमटतात. मऊ शिसपेन वापरा आणि फोटो घरच्यांना परत करायचा असेल तर पोच द्या.