मुलीचा क्लास नंतर, आधी थकलेली बिलं

प्रश्न : माझा साकीनाक्याला प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा गाळा आहे. दोन मशीन, पाच कामगार. राहायला भांडुपला. मुलगी बी.कॉम. झाली, 61 टक्के. तिने एमपीएससी देऊन सरकारच्या उद्योग खात्यात उद्योग निरीक्षक व्हावं अशी माझी इच्छा आहे. एक पूर्वपरीक्षा गेली. आता ती अभ्यास सोडून गाळ्यावर येऊन बसते. गाळा पुढे मुलगा बघेल, तो अकरावीला आहे. मी 22 वर्षं टेबलाच्या या बाजूला उभा राहिलो. सबसिडीसाठी खेपा घातल्या, हाती काही आलं नाही. बँक घर तारण मागते. एका मोठ्या कंपनीकडे नऊ लाख अडकलेत, पण तक्रार केली तर ऑर्डर बंद होईल. माझी मुलगी तरी टेबलाच्या त्या बाजूला बसली पाहिजे. तिला समजवा आणि चांगला क्लास सुचवा. पोस्टिंग मुंबईतच मिळेल ना?

उत्तर : तुमच्या मुलीच्या 61 टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुमच्या पत्राची. मुलीबद्दल मोजकी वाक्यं आणि बाकी सगळं तुमच्यावर काय गुजरलं त्याबद्दल. 22 वर्षं गाळा चालवणं, दर महिन्याला पाच घरांचे पगार काढणं हे किती कठीण काम आहे याची मला कल्पना आहे. तुमचा संताप खरा आहे. पण त्या संतापाची भरपाई तुम्ही 22 वर्षांच्या मुलीकडून मागताय, आणि हे मला मान्य नाही. तुमचा जो अपमान झाला तो तिने सरकारी खुर्चीवर बसून धुऊन काढावा, असा या पत्राचा अर्थ होतो. तिला हे कळत असणारच. पुस्तक उघडून बसल्यावर तिच्यासमोर अभ्यासक्रम नसतो, तुमचा चेहरा असतो. अशा अवस्थेत पूर्वपरीक्षा जाते, पुन्हाही जाईल.

आणि ती "गाळ्यावर येऊन बसते" म्हणजे नेमकं काय करते? पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की जीएसटीची रिटर्न तीच भरते, ई-वे बिल तीच काढते, बँकेत स्टेटमेंट घेऊन तीच जाते. तुमच्या धंद्याचा सगळा कागद आज तिच्या हातात आहे. तरी गाळा मुलगा बघणार! तो अकरावीला आहे, त्याला काय करायचंय हे त्याला तरी तुम्ही विचारलंय का? स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जी मुलगी धंदा शिकली तिला तुम्ही धंद्याबाहेर काढताय, आणि ज्याने मशीन चालू करून पाहिलेलं नाही त्याच्या नावावर धंदा मनातल्या मनात करून ठेवलाय. हा निर्णय मुलीच्या भल्यासाठी आहे असं स्वतःला सांगू नका.

परीक्षेचं एका ओळीत सांगतो. उद्योग निरीक्षक हे गट क सेवेतलं पद आहे आणि त्यासाठी अभियांत्रिकीची पदविका (स्थापत्य सोडून) किंवा विज्ञान शाखेची पदवी लागते. बी.कॉम. चालत नाही. हे जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं. क्लासने फी घेताना हे सांगितलं नसेल तर तो क्लास आजच बंद करा. वर्षभर एक मुलगी अशा पदासाठी झुरली जे तिला मिळूच शकत नव्हतं, आणि घरात कुणीही जाहिरात उघडून वाचली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. एमपीएससीची इतर पदं आहेत, नाबार्ड (शेती आणि ग्रामीण विकासाची बँक) आणि सिडबी (लघु उद्योगांची बँक) यांच्या ग्रेड ए अधिकारी परीक्षा आहेत, बँकांच्या आहेत. त्या तिला स्वतःला द्याव्याशा वाटल्या तर द्याव्यात.

आता त्या टेबलाबद्दल. उद्योग खात्यातला अधिकारी ठरवतो कुणाला कर्ज द्यायचं, सबसिडी त्याच्या हातात असते आणि ओळख असली की ती सुटते, असा समज मला गाळेवाल्या पालकांच्या पत्रांत कायम दिसतो. तसं नाही. तुम्ही ज्या योजनेसाठी खेपा घातल्यात ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. 2008 पासूनची ही योजना खादी व ग्रामोद्योग आयोग चालवतो, आणि जिल्हा उद्योग केंद्रासारख्या यंत्रणा अर्ज तपासून बँकेकडे पाठवतात. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. बँकेने कर्ज दिल्यावर सबसिडी येते, तीही अर्जदाराच्या हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवतात आणि उद्योग प्रत्यक्ष चालू आहे हे पाहून मग कर्जात वळती करतात. आणि मुख्य मुद्दा हा की योजना नव्या उद्योगासाठी आहे. तुमचा गाळा 22 वर्षं जुना. पहिल्या खेपेलाच तुम्हाला हे कुणी खुर्ची देऊन, दोन मिनिटांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही हा दोष मोठा आहे आणि तुमची तक्रार रास्त आहे. पण तिथे तुमची लेक अधिकारी म्हणून बसली असती तरी तुमचा अर्ज तिला परतच करावा लागला असता. मुद्राचंही असंच. 2015 साली मुद्रा आली तेव्हापासून लोक मुद्राचं कार्यालय शोधत फिरतात. मुद्रा तुम्हाआम्हाला थेट कर्ज देत नाही, ती कर्ज देणाऱ्या बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त देते, म्हणजे मागून पैसा पुरवते. जायचं आपल्या बँकेच्या शाखेतच.

तुम्हाला हवी होती ती सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेची कर्जमर्यादा, घर तारण न ठेवता. त्यासाठी सीजीटीएमएसई आहे. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी 2000 साली उभा केलेला हा हमी निधी बँकेला कर्जाच्या मोठ्या भागाची हमी देतो, म्हणजे तुमच्या जागी तारण तो देतो. त्याची वार्षिक फी असते, ती कर्जदारावर येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचंच नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम तर 2010 पासूनचा आहे. शाखेत हे शब्द उच्चारल्यावर समोरच्याचा सूर बदलतो. मुलीला पाठवा, लेखी अर्ज द्यायला लावा आणि नकार आला तर तोही लेखी मागा. साकीनाक्यालाच, कुर्ला-अंधेरी रस्त्यावर, केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) मंत्रालयाचं विकास व सुविधा कार्यालय आहे. तुमच्या गाळ्याच्या परिसरात असूनही तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तिथेही तिलाच जाऊ द्या.

पोस्टिंगचं विचारलंत. मुंबईचा हट्ट धरून हे क्षेत्र निवडता येत नाही. कार्यालयं इथे दिसतात खरी. नाबार्ड वांद्रे-कुर्ला संकुलात, खादी आयोग विलेपार्ल्यात, एमआयडीसी अंधेरीत. पण या संस्थांचं काम मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांसाठी आहे. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून त्याच हेतूने चालत आली. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यात दाटीने उभे राहिले, त्यांनी विदर्भ, मराठवाडा, कोकणाकडे जावं म्हणून. तालुक्यांची प्रतवारी केलेली असते. मुंबई विकसित म्हणून 'अ' गटात, आणि सवलतींचा ओघ 'ड', 'ड+' आणि विनाउद्योग जिल्ह्यांकडे. तुम्हाला सरकारने काही दिलं नाही असं वाटतं त्याचं एक कारण हेही आहे की तुम्ही साकीनाक्याला आहात. मला हे धोरण योग्यच वाटतं. गडचिरोलीत पहिला कारखाना उभा करणाऱ्याला जास्त मिळायला हवं. मात्र शहरातल्या दोन मशीनवाल्याला सबसिडी नको असेल, वेळेवर पैसे आणि खेळतं भांडवल हवं असेल, तर ते त्याला मिळवून देण्यात यंत्रणा कमी पडते, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

म्हणून त्या नऊ लाखांकडे येऊ. माझ्या मते तुमच्या घरातला खरा प्रश्न हा आहे, करिअर नव्हे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मोठ्या खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकवायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषद आहे. तक्रार ऑनलाइन नोंदवता येते आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, माल पाठवण्याच्या आधीची असेल तर बाजू भक्कम. नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कायद्यात निकालासाठी 90 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, ही तयारी ठेवा.

"तक्रार केली तर ऑर्डर बंद होईल," ही तुमची भीती मी समजू शकतो. बहुतेक गाळेवाले याच भीतीने गप्प बसतात आणि मोठ्या कंपन्यांना ते पक्कं माहीत असतं. त्यामुळे पहिलं पाऊल भांडणाचं नको. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद घातली, 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीत चुकवलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. तुमच्या मुलीने कंपनीच्या अकाउंट्स खात्याला एक सभ्य पत्र लिहावं. सोबत उद्यम प्रमाणपत्र, बिलांच्या तारखा आणि या तरतुदीची आठवण. मार्चअखेर जवळ आली की अशा पत्राला उत्तर येतं. दुसरी गोष्ट, 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडं व्याज कापून पैसे लगेच मिळतात आणि खरेदीदार पुढे बँकेला देतो. तुमचं गिऱ्हाईक तेवढं मोठं असेल तर पुढच्या बिलांसाठी हे मागून घ्या. या दोन्हींनी काही हललं नाही तर परिषदेकडे जा. नऊ लाखांवर पाणी सोडून टिकवायची अशी ऑर्डर नसते.

यातलं प्रत्येक काम तुमची मुलगी करू शकते. बी.कॉम.च्या परीक्षेत तिला जे मार्क पडले त्यापेक्षा तिची समज यात जास्त दिसेल. मी तिला एवढंच म्हणेन की एक वर्ष गाळ्यात रीतसर काम कर. आणि तुम्हाला म्हणेन की तिला ठरलेला पगार द्या, दर महिन्याला, बँकेत. घरचीच आहे म्हणून फुकट राबवू नका. वर्षभराने तिला स्वतःचं युनिट काढावंसं वाटलं तर मी वर सांगितलेली योजना तिला लागू होते, कारण तिचा उद्योग नवा असेल. उत्पादनासाठी प्रकल्पाची मर्यादा 50 लाख, महिला म्हणून स्वतःची गुंतवणूक 5 टक्के, आणि सबसिडी शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के. पालघरकडच्या एखाद्या ग्रामपंचायत हद्दीत जागा घेतली तर तो ग्रामीण भागच. पण तुमचीच जुनी मशीन तिच्या नावाने नवी म्हणून दाखवायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. पाहणी होते, आणि सापडलं की सबसिडीही जाते आणि मुलीचं नावही.

समजा तिला गाळाही नको, दुसऱ्यांच्या उद्योगांना हात द्यायचंच काम आवडलं. त्यालाही वाटा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच परीक्षेविना आहेत. अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमतात. लोणची, मसाले, पापड करणाऱ्यांचा प्रकल्प अहवाल तयार करणं, बँकेत पाठपुरावा करणं, परवाने काढून देणं हे त्यांचं काम. 1975 साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं चालवतं. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टिस्समध्ये, सामाजिक उद्योजकतेचं पदव्युत्तर शिक्षण आहे. सुरुवातीचा पैसा कमी असतो आणि मुंबई सोडावी लागू शकते. पण गिऱ्हाइकाच्या वहीत अडकलेला पैसा पाहत जी मुलगी वाढली, तिच्याइतकी या कामाची जाण क्लासमध्ये कुणाला येत नाही.

या आठवड्यात एक काम करा. थकलेली सगळी बिलं, चलनं आणि पोच घेतलेल्या डिलिव्हरी नोंदी तारखेनुसार मुलीकडे द्या आणि पत्राचा मसुदा तिला एकटीला करू द्या, वर उभं राहून सांगू नका. आणि तिला काय हवंय हे मला आतापर्यंत फक्त तुमच्या शब्दांत कळलंय. पुढचं पत्र तिचं येऊ द्या, मी तिला वेगळं उत्तर लिहीन.