शहराबाहेर मुक्काम, मग पास कोणता?

परदेशातल्या मोठ्या शहरात हॉटेल महाग पडतं, म्हणून जवळच्या उपनगरात किंवा शेजारच्या गावात राहायचं ठरवलेल्या वाचकांकडून आलेले हे प्रश्न. शहरं वेगळी आहेत, पण फसगत बहुतेक एकाच जागी होते: पास शहराचा पाहिला जातो, मुक्कामाच्या स्थानकाचा नाही.

प्रश्न : शहरापासून 25 किलोमीटरवर हॉटेल स्वस्त मिळतंय. शहराचा दिवसाचा पास काढला की काम भागेल ना?

बहुतेक वेळा भागत नाही. हॉटेलचं आरक्षण करण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: जवळच्या स्थानकाचं नाव, ते कोणत्या झोनमध्ये (भाड्याच्या पट्ट्यात) येतं आणि तिथून सुटणारी गाडी कोणत्या कंपनीची आहे. शहराच्या पासची हद्द त्या स्थानकाच्या दोन स्थानकं अलीकडे संपत असेल, तर रोज सकाळ-संध्याकाळ त्या तुकड्याचं भाडं वेगळं भरावं लागेल.

त्यानंतर आकडेमोड. बाहेर राहणारा माणूस दुपारी हॉटेलवर परतत नाही, त्यामुळे त्याचे प्रवास शहरात राहणाऱ्यापेक्षा कमी होतात. समजा, हॉटेल ते शहर एकेरी भाडं 5, शहरातल्या शहरात 3, संपूर्ण हद्दीचा दिवसाचा पास 18 आणि फक्त शहराचा पास 9 आहे. जाणं-येणं आणि आत दोन फेऱ्या असा दिवस सुट्या तिकिटांवर 16 मध्ये होतो, म्हणजे मोठा पास तोट्याचा. आत तिसरी फेरी झाली की 19 होतात आणि मोठा पास फायद्याचा ठरतो. पण शहराचा 9 चा पास आणि हद्दीबाहेरच्या तुकड्याची प्रत्येकी 3 ची दोन जोडतिकिटं घेतली, तर एकूण 15 च होतात, मग आत कितीही फिरा. हा मधला पर्याय तिकीटयंत्राच्या पहिल्या पडद्यावर सहसा नसतो, म्हणून आवर्जून शोधा. जोडतिकीट गाडीत बसण्याआधीच काढायचं असतं. तपासनीस समोर आल्यावर 'आता देतो' म्हणून चालत नाही, दंड होतो.

मोजताना एक चूक हमखास होते. गाडी बदलली की लोक नवी फेरी मोजतात. ठराविक वेळेत एकाच तिकिटावर गाडी बदलता येत असेल, तर ती एकच फेरी धरा.

आणि पासचा 'दिवस' कधी संपतो ते विचारा. काही पास पहिल्या वापरापासून 24 तास चालतात, काही मध्यरात्री संपतात. रात्री कार्यक्रम पाहून साडेबाराच्या गाडीने बाहेरगावी परतणाऱ्याला हा फरक फार जाणवतो.

प्रश्न : लंडनला गुरुवारी पोहोचून पुढच्या बुधवारी निघणार आहोत. मुक्काम झोन 5 मध्ये. सोबत 9 आणि 13 वर्षांची मुलं आहेत. ऑयस्टर, बँकेचं कार्ड की सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड?

तुमच्या वारांमुळेच उत्तर बदलतं. बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाला आणि ऑयस्टरला (पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासकार्ड) दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. पण आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार अशीच मोजतात. तुमचे सात दिवस चार आणि तीन असे दोन आठवड्यांत विभागले जातात, म्हणून आठवड्याच्या मर्यादेचा लाभ जवळजवळ मिळणारच नाही. सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड मात्र कोणत्याही वारापासून सुरू करता येतं. त्याची किंमत साधारण पाच दिवसांच्या मर्यादेइतकी असते. सातही दिवस मध्य लंडनमध्ये भरपूर फिरणार असाल तर मोठ्यांसाठी झोन 1 ते 5 चं ट्रॅव्हलकार्ड घ्या. एखाद-दोन दिवस उपनगरातच काढणार असाल किंवा दिवसाला फक्त जाणं-येणं होणार असेल, तर कार्ड टॅप करत जाणंच स्वस्त.

सोमवार ते शुक्रवार सकाळी 6.30 ते 9.30 आणि दुपारी 4 ते 7 ही गर्दीच्या भाड्याची वेळ. साडेनऊनंतर निघालात तर सकाळचं भाडं कमी लागतं. संध्याकाळी बाहेरून झोन 1 म्हणजे मध्य लंडनकडे येताना गर्दीचं भाडं लागत नाही, पण तुमचा परतीचा प्रवास उलट दिशेचा आहे, त्याला लागतं. सात वाजून गेल्यावर गेटमधून आत शिरा. लंडनमध्ये दिवस पहाटे 4.30 ला बदलतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची परतीची फेरी आदल्या दिवसाच्याच मर्यादेत धरली जाते.

प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. तेच बँक कार्ड सकाळी प्लास्टिकचं आणि संध्याकाळी फोनमधलं वापरलंत, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात. दोन्हींवरचे प्रवास एका मर्यादेत एकत्र धरले जात नाहीत. रेल्वेत चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टॅप करा; बसमध्ये फक्त चढताना. भारतीय बँकेचं कार्ड वापरणार असाल तर परकीय चलनाचं शुल्क किती लागतं ते बँकेला आधी विचारा.

9 वर्षांचं मूल मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये (लंडनच्या मेट्रोत) मोफत जातं. 13 वर्षांच्या मुलासाठी साधं ऑयस्टर घेऊन स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. ती 11 ते 15 वयासाठी असून 14 दिवस चालते. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे मुलासाठी ऑयस्टरच हवं.

झोन 5 ऐवजी स्लाव किंवा रेडिंगला राहायचा विचार असेल, तर एलिझाबेथ लाइनवर वेस्ट ड्रेटनच्या पुढे ऑयस्टर चालत नाही, तिथे बँकेचं कार्डच टॅप करावं लागतं.

प्रश्न : पॅरिसमध्ये शनिवारी उतरून डिस्नेलँडजवळ सहा दिवस राहणार आहोत. आठवड्याचा नॅव्हिगो पास लगेच घ्यावा का?

शनिवारी घेऊन शनिवारी वापरता येणार नाही. हा पास सोमवार ते रविवार चालतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो आणि शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा विकतात. म्हणजे शनिवार-रविवार सुटी तिकिटं किंवा दिवसाचा पास आणि सोमवारपासून आठवड्याचा, अशी जोडणी करा. सोमवार ते गुरुवार चारच दिवस उरतात, तेव्हा चार दिवसांच्या सुट्या तिकिटांची बेरीज आधी करून पाहा.

विमानतळाचा मुद्दा मोठा आहे. तिथल्या रेल्वेचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग असतं. दिवसाचा पास विमानतळाच्या गाडीला चालत नाही, आठवड्याचा चालतो. परतीचं विमान गुरुवारी असेल तर तेवढ्यावरूनच पारडं आठवड्याच्या पासकडे झुकू शकतं. आठवड्याचा पास 'नॅव्हिगो देकुवेर्त' कार्डावर भरतात आणि त्यासाठी 25 गुणिले 30 मिलिमीटरचा फोटो लागतो. घरूनच कापून न्या.

जुन्या प्रवासपुस्तकांत झोननुसार तिकिटांचे तक्ते असतात. ते विसरा. जानेवारी 2025 पासून मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि आरईआर या शहरातून आरपार जाणाऱ्या वेगवान रेल्वेचं सुटं तिकीट संपूर्ण प्रदेशात एकाच दराचं आहे, विमानतळ सोडून. फक्त रेल्वेच्या तिकिटावर पुढे बस किंवा ट्राम धरता येत नाही, तिचं तिकीट वेगळं. हॉटेल स्थानकापासून बसच्या अंतरावर असेल तर हा रोजचा खर्च हिशेबात घ्या.

प्रश्न : पोट्सडामला नातेवाइकांकडे राहून बर्लिन पाहायचं आहे. एबी पास पुरेल का?

नाही. एबी पास ए आणि बी झोनपुरता असतो; पोट्सडाम सी झोनमध्ये आहे आणि बर्लिनचा विमानतळही. रोज ये-जा असेल तर एबीसी घ्या. एखादा दिवसच बर्लिनहून पोट्सडामला जाणार असाल तर एबी पासवर जोडतिकीट काढा. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसणंच.

प्रश्न : जर्सी सिटीत राहून न्यूयॉर्क पाहायचं आहे. सबवेवर आठवड्याची मर्यादा असते असं ऐकलं, ती आम्हालाही मिळेल?

सबवे आणि शहरातल्या बसपुरती मिळेल. पहिल्या टॅपपासून सात दिवस, त्याच कार्डावर. पण जर्सी सिटीहून नदीखालून मॅनहॅटनला जाणारी पाथ रेल्वे वेगळ्या संस्थेची आहे. तिचं भाडं या मर्यादेत धरत नाहीत आणि पाथवरून सबवेत मोफत बदलही मिळत नाही. पाथच्या दिवसाला दोन फेऱ्या हॉटेलच्या भाड्यातच जोडा आणि मग मॅनहॅटनच्या दराशी तुलना करा. पाहायच्या जागा मॅनहॅटनमधल्या पाथच्या स्थानकापासून चालत गाठता येत असतील, तर सबवेची मर्यादा गाठली जाणारही नाही.

प्रश्न : योकोहामात हॉटेल आहे. टोकियोचं 72 तासांचं सबवे तिकीट घेतलं तर सगळीकडे चालेल का?

हे तिकीट टोकियो मेट्रो आणि तोएइ या दोनच सबवेंवर चालतं. टोकियोत वर्तुळाकार फिरणारी यामानोते लाइन जेआर या वेगळ्या रेल्वे कंपनीची आहे, तिथे चालत नाही. योकोहामाहून येणारी तोक्यू या खासगी कंपनीच्या तोयोको लाइनची गाडी शिबुयाला थेट मेट्रोच्या रुळांवर जाते. गाडी तीच, आसन तेच, पण शिबुयाच्या अलीकडचं भाडं तोक्यूचं असतं. सुइका या पैसे भरून टॅप करायच्या कार्डाने योकोहामाला आत शिरून पुढे मेट्रोच्या स्थानकावर उतरलात, तर सगळ्या अंतराचे पैसे सुइकातून कापले जातात आणि सबवे तिकीट खिशातच राहतं. शिबुयाला गेटबाहेर पडा आणि सबवे तिकिटाने पुन्हा आत जा. त्यात दहा मिनिटं मोडतात. दिवसाला मेट्रोच्या दोनच फेऱ्या होणार असतील तर ही खटपट करू नका, सुइका पुरेसं आहे.