सही करायची, पण कशावर?

प्रश्न : मला क्षयरोग झाला होता, सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाले. आता परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका प्रकल्पाच्या समितीत संस्थेने मला ‘रुग्ण प्रतिनिधी’ म्हणून घेतलंय. कागद इंग्रजीत, बोलणारे सगळे साहेब लोक. चहा होतो, माझी सही होते. त्या दिवशी वळायच्या हजार विड्या बुडतात त्या वेगळ्याच. जाणं सोडून द्यावं का?
— एक वाचक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : सोडू नका, ताई. न वाचता सही करणं मात्र आजपासून बंद.

मी परिचारिका होते, तेव्हा अशाच एका समितीवर बसले. गोळ्या वाटायची वेळ सकाळी दहा ते बारा ठरली, त्या कागदावर माझी सही आहे. नेमकी तीच वेळ कारखान्यात विड्या द्यायची. बायकांच्या गोळ्या चुकायला लागल्या. एक जण रिकामं सूप काखेत घेऊन माझ्या दारात आली नि म्हणाली, “बाई, तुम्ही होता की तिथं!” ते अजून विसरले नाही.

तुमची जागा कुणाची मेहेरबानी नाही. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी 2002 साली ‘ग्लोबल फंड’ हा आंतरराष्ट्रीय मदतनिधी सुरू झाला. त्याच्या मंडळात 20 मतं आहेत. त्यातली दोन स्वयंसेवी संस्थांची, एक या आजारांची झळ सोसलेल्या लोकांचं. या फंडाच्या देशपातळीवरच्या समितीत बिगरसरकारी प्रतिनिधी ज्याच्या त्याच्या गटानेच, उघडपणे निवडायचे, अशी फंडाची अट आहे. तुमचा प्रकल्प दुसऱ्या कुणाच्या पैशावर चालत असेल, तरी हाच आग्रह धरा. कारण तुम्हाला संस्थेने घेतलंय, खरी गोम तिथे आहे. जिच्या कामावर बोलायचं, तिनेच नेमलं तर तोंड कसं उघडणार? गल्लीतल्या बऱ्या झालेल्या दहा-बारा जणी जमवा, त्यांच्याकडून निवडून जा.

कागद आठ दिवस आधी मागा, मराठीत आणि तेलुगूतही. तुमच्याकडे तेलुगू वाचणाऱ्या बायका कमी नाहीत. बुडालेला रोजही मागा, त्यात लाजू नका.

आणि पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, आपल्या यादीतल्या कितीजणांच्या खात्यात ते आले? मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा, मोठ्याने वाचून घ्या, मग पेन हातात घ्या.