केकवर काय ठेवायचं? बेकरीवाल्यांचे प्रश्न

नाताळ जवळ आला की आपल्या गोव्यातल्या घरगुती बेकरी चालवणाऱ्यांची पत्रं वाढतात. आजोबा-वडील पाव भाजत आले आणि आता मुलगी-सून त्याच भट्टीत स्वतःचं काही करू पाहते आहे, हे मला मनापासून आवडतं. पण शंका दर वर्षी त्याच येतात, आणि निम्म्या तरी ‘कुणीतरी सांगितलं’ म्हणून आलेल्या असतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

मी केक फक्त वाड्यावरच्या ओळखीच्यांना विकते. तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी लागते का? (साखळी)

लागते. पैसे घेतले की तो धंदा झाला.

सासऱ्यांची लाकडाची भट्टी आहे. पहाटे पाव, पोई, उंडे निघाले की ती रिकामी असते. तिच्यात केक होईल का? (डिचोली)

होईल, आणि छान होईल. फक्त पावाच्या धगीवर केक घालू नका, वरून करपेल आणि आत कच्चा राहील. पाव निघाल्यावर निखारे ओढून काढा, राख पुसून घ्या, दार लावून धग सगळीकडे सारखी होऊ द्या. भट्टी १७० ते १८० अंश सेल्सिअसवर आली की केक, त्याहून उतरली की बिस्किटं, अगदी शेवटी टोस्ट. पहिल्या खेपेला एकच मिश्रण तीन लहान साच्यांत घालून एक साचा मागे, एक मधोमध, एक दाराजवळ ठेवा. भट्टी कुठे कडक आणि कुठे मऊ आहे, ते तिथेच कळेल. थर्मामीटर घ्याच, पण आधी सासऱ्यांना विचारा. दारात हात धरून धग ओळखणारा माणूस घरात असताना व्हिडिओ कशाला बघायचे? एकदा आच हाताला बसली की फणसाचे गरे घाला, मानकुराद आंब्याचा रस घाला, हवे ते प्रयोग करा.

पोईत नाचणी घातली तर ती मधुमेहींसाठी म्हणून विकता येईल का? (पेडणे)

नाचणी घाला, विकाही. पण मधुमेहींसाठी म्हणून नको. तो सल्ला ज्याच्या-त्याच्या डॉक्टरने द्यायचा असतो. नाचणीत पीठ ताणून धरणारं ग्लुटेन नसतं, म्हणून पिठाच्या पाचव्या हिश्शापासून सुरुवात करा. जास्त झाली तर पोई फुगणार नाही.

यीस्टच्या पावाने पित्त होतं, सूर (माडाची ताडी) घातलेला बाधत नाही, असं ऐकलं. खरं का? (फोंडा)

ऐकीव गोष्ट. सूर घातली तरी पीठ फुगवतं ते तिच्यातलं यीस्टच. सूर चवीसाठी जरूर वापरा. पित्त वारंवार होत असेल तर पाव बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

विक्रेत्याने पाव मऊ राहण्यासाठी एक पूड दिली आहे. पुडीवर काहीच लिहिलेलं नाही. ‘सगळे हेच वापरतात’ म्हणतो. (मडगाव)

परत करा. पावात पूर्वी सर्रास घातलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट आपल्याकडे २०१६ पासून बंद आहे. घटकांची यादी नसलेल्या पुडीत ते नाही, हे तुम्हाला कळणार कसं?

वाढदिवसाच्या केकवर बागेतली ताजी फुलं खोचते, वर सोनेरी चमक भुरभुरते. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ (विषारी नाही) लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकांना सांगते, काढून खा. बरोबर ना? (म्हापसा)

नाही. मुलं केकवरचं काढून ठेवत नाहीत, आधी तेच तोंडात घालतात. शिवाय देठ क्रीममध्ये खोचला की त्याचा चीक क्रीममध्ये उतरतो, मग वरचं फूल काढून काय उपयोग? कण्हेर आपल्याकडे कुंपणाकुंपणाला आहे आणि तिचा प्रत्येक भाग विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारा. पिवळी कण्हेरही तशीच. सदाफुली, घाणेरी दिसायला सुरेख, पण खाण्याची नव्हेत. चाफ्याचा चीक लागला तर आग होते. बाजारातले गुलाब हारांसाठी पिकवलेले असतात, त्यांवर काय फवारलं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. फुलंच हवीत तर घरच्या, न फवारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या धुऊन, टिपून वापरा. त्याहून बरं म्हणजे साखरेची फुलं करायला शिका. पातळ लाटलेल्या पाकळीची कड बोटाने दाबत तिला वळण द्यायचं, ही खरी हातातली कला आहे, आणि तुमच्याकडे तो हात आहे असं पत्रासोबतच्या फोटोंवरून दिसतं.

आता चमक. ‘नॉन-टॉक्सिक’ मुलांच्या रंगखडूंवरही लिहिलेलं असतं, म्हणून काही आपण ते खडू खायला देत नाही. खाण्याच्या वस्तूवर घटकांची यादी, १४ अंकी परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत असायलाच हवी. नसेल तर ती शोभेची पूड. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. वरच्या चमकदार थरात तांबं निघालं. दुकानदार ‘केकचीच आहे’ म्हणून अशी डबी खपवतात आणि बिलावर नाव घालत नाहीत. बिल मागा. शंका असेल तर डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनात विचारा. कुणी असं काही खाल्लं आणि उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. ती डबी किंवा ते फूल सोबत घेऊन लगेच इस्पितळ गाठा.

बेबिंका म्हणजे आपला थराथरांचा गोड पदार्थ. चॉकलेटच्या बेबिंकाला ‘गोव्याचा बेबिंका’ म्हणता येईल का? (वास्को)

२०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाशी जोडलेल्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं आहे, तेव्हा लेबल छापण्याआधी या विषयातल्या वकिलाला विचारा. चवीचं म्हणाल तर एकाआड एक थरात कोको घालून पाहा. मात्र प्रत्येक थर वरच्या धगीवर तपकिरी होईपर्यंत थांबा. रंग ओतून वेळ वाचवलेला बेबिंका बाजारात पुष्कळ मिळतो, तुम्ही त्यात भर घालू नका.

ऑर्डरी फार आहेत. नोंदणी नाताळानंतर केली तर चालेल का? (काणकोण)

चालणार नाही. ऑर्डरी आहेत म्हणूनच आधी करायची. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर होतो. अडलं तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय बांबोळीला आहे. याच आठवड्यात जाऊन या.