लाकडी खेळणी घेतली, प्लास्टिकची दिली, आणि आजोबा रुसले

मागच्या पावसाळ्यात एक आई आली माझ्याकडे, आपण अनघा म्हणूया (नाव बदललंय), मुलगा अडीच वर्षांचा. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, प्लास्टिकची खेळणी वाईटच असतात ना? तुम्ही एकदा आमच्या घरी सांगा." हे "घरी सांगा" ऐकलं की मी पेन खाली ठेवते, कारण मग भांडण खेळण्याचं राहिलेलं नसतं.

झालं असं की रील्स बघून बघून तिला टोचणी लागलेली. दिवसभर ऑफिस, मुलगा सासूसासऱ्यांकडे, निदान खेळणी तरी चांगली देऊ म्हणून लाकडी ब्लॉक्स आणले, रिंगांचा मनोरा आणला, सावंतवाडीला गेले तेव्हा चितारआळीतून लाकडी फळांची परडी आणली आणि एका रविवारी प्लास्टिकचं सगळं पोत्यात भरून कामाच्या मावशींना देऊन टाकलं. (त्यांच्या नातवाला मग ते चालतं का, हे ओठांवर आलेलं, गिळलं.) त्या पोत्यात आजोबांनी जत्रेतून आणलेला पिवळा जेसीबीपण गेला. तेव्हापासून मुलगा मनोऱ्याकडे ढुंकून बघेना, आणि आजोबा संध्याकाळी त्याला टीव्ही लावून द्यायला लागले. मुद्दाम करतात, असं हिचं म्हणणं.

मी विचारलं, जेसीबी घेऊन ते दोघं काय खेळायचे? हिला माहीतच नव्हतं. म्हटलं विचारून या.

पुढच्या वेळी आली ती जरा गप्पच. रोज पाच वाजता बाल्कनीत कुंडीतली माती पेपरवर ओतून दोघं साइट चालवायचे म्हणे, हा ड्रायव्हर, आजोबा मुकादम, आजी चहा आणणार. "मला वाटलं एक तुटकं खेळणं गेलं."

आता तिच्या मूळ प्रश्नाचं, कारण भीती अगदीच खोटी नाहीये. वास मारणारं मऊ प्लास्टिक मीपण लहान मुलाच्या हातात देणार नाही, पीव्हीसी प्लास्टिक मऊ करायला थॅलेट्स नावाची रसायनं वापरतात आणि या वयात सगळं तोंडात जातं. पण लाकडी म्हणजे आपोआप सेफ असंही नाही. रंगात शिसं असू शकतं, पॉलिश निघतं, कुसळ लागतं, आणि साधारण 3.2 सेंमीच्या नळीतून जाईल एवढी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, मग ती लाकडाची का असेना. तिच्या परडीतली दोन छोटी फळं मी बाजूलाच काढायला लावली. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघा. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, तिथं रंग कुठला लावलाय हे तोंडानं विचारायचं, त्यात लाजायचं काय.

मला खरी अडचण वाटते ती बॅटरीवाल्या खेळण्यांची. अमेरिकेत 2016 मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, 10 ते 16 महिन्यांचं बाळ आणि पालक अशा 26 जोड्यांचा, त्यात दिसलं की आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी असली की आईबाबाच कमी बोलतात, पुस्तक असलं की भरपूर बोलतात. खेळणंच गातंय म्हटल्यावर आपण कशाला बोलू! आणि त्यातल्या बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते घरातच नको, सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

एवढं सांगून मी तिला एकच काम दिलं, आजोबांना सोबत घेऊन दुकानात जायचं, मार्क तुम्ही बघा, जेसीबी ते निवडतील. सॉरी म्हणायची गरज पडली नाही म्हणे, आजोबांनी दुकानात बकेट वरखाली करून बघितली चारपाचदा आणि "हा टिकेल" एवढंच म्हणाले. टीव्ही लगेच बंद झाला असं नाही हां, पावसाच्या दिवसांत अजून लागतो.

परवा मेसेज आला तिचा. लाकडी ब्लॉक्स आता साइटवर विटा म्हणून जातात, परडीतलं वांगं मोठा दगड झालंय. शनिवारी तिलापण खेळायला घेतात, पण तिला मुकादम काही करत नाहीत, चहा आणायला ठेवलंय.